विश्लेषण : वजनाचे इंजेक्शन थांबवल्यावर काय होते?

टिर्झेपटाइड (मौंजारो) मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) जून २०२५ मध्ये भारतात आले. आठवड्याला एक इंजेक्शन, भूक कमी आणि वजनात घट. पण मौंजारोच्या सर्वांत कमी मात्रेची कुपीही सुरुवातीला ३,५०० रुपयांना होती, म्हणजे महिन्याला १४,००० रुपये. हा खर्च अनेकांना फार काळ झेपत नाही. मग औषध थांबल्यावर काय?

वजन परत का वाढते?
ही औषधे आतड्यातील संप्रेरकांसारखे काम करतात. मेंदूला पोट भरल्याचा संदेश मिळतो, अन्न पोटात जास्त वेळ राहते. औषध थांबले की हा परिणाम ओसरतो. शिवाय वजन घटलेले शरीर कमी ऊर्जा खर्च करते आणि जास्त भूक मागते. त्यामुळे हा मनाच्या कमकुवतपणाचा नव्हे, तर शरीराच्या रचनेचा प्रश्न आहे.

अभ्यास काय सांगतात?
सेमाग्लुटाइडच्या २०२२ मधील अभ्यासात, औषध थांबवल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. टिर्झेपटाइडच्या अभ्यासात ३६ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन घटले. त्यानंतर औषध थांबवलेल्यांचे वजन पुढच्या वर्षभरात १४ टक्क्यांनी वाढले.

वजन टिकवायचे कसे?
डेन्मार्कमधील एका अभ्यासात, लिराग्लुटाइडसोबत देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांनी औषध थांबल्यावर वजन अधिक चांगले टिकवले. वजन घटताना चरबीसोबत स्नायूही घटतात, म्हणून ताकदीचे व्यायाम महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सुचवते. पेणजवळच्या रामवाडीत राहणाऱ्यालाही त्यासाठी जिम लागतेच असे नाही. भरभर चालणे, जिने चढणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे यानेही सुरुवात होते.

ताटात काय हवे?
रायगडच्या जेवणात भात आणि तांदळाची भाकरी मुख्य. ती सोडायची गरज नाही. प्रमाण थोडे कमी करून वाल, कुळीथ, अंडी, मासळी आणि भाजी वाढवावी. मासळी तळण्यापेक्षा कालवणात बरी. किडनीचा आजार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

औषध स्वतःहून थांबवावे का?
नाही. विशेषतः मधुमेह असलेल्यांची साखर वाढू शकते. पैसे संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांशी आधीच बोलावे. औषध थांबल्यावर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी वजन करावे. दोन-तीन किलो वाढ दिसताच सल्ला घेतला, तर दहा किलोंची वाट पाहावी लागत नाही.