केलेली भाषा आणि झालेली भाषा

'च'ची भाषा बोलला नाही असा माणूस आपल्या घरांतून सापडणे कठीण. मोठ्यांना कळू नये म्हणून बहीणभावंडे ती बोलत. 'मला पाणी दे' याचे होई 'चलाम चणीपा चदे'. नियम एवढाच, की शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी ठेवायचे आणि रिकाम्या जागी 'च' बसवायचा. आता 'प्रकाश' हा शब्द या भाषेत सांगून पाहा. तुम्ही 'चकाशप्र' म्हणाल. 'प्र' फोडून 'प' इकडे नि 'र' तिकडे करावा असे कोणाच्याही मनात येत नाही. 'स्टेशन'चे 'चशनस्टे' होते, तिथेही 'स्टे' एकसंध राहतो. अक्षर म्हणजे काय, ते कुठे तुटते आणि कुठे तुटत नाही, हे ज्ञान सहा वर्षांच्या मुलाच्या जिभेवर तयार असते. शाळेतले व्याकरण त्याच्या फार नंतर येते.

ही भाषा मुलांनी 'केलेली'. पण तिच्यातला 'ला' प्रत्यय, शब्दांचा क्रम, क्रियापद शेवटी येणे, सगळे मराठीच. नुसता अंगरखा बदललेला. व्यापाऱ्यांची नंदभाषा अशीच. गिऱ्हाइकासमोर दलालांनी आपसांत भाव बोलावा म्हणून तिने आकड्यांना वेगळी नावे दिली: चार म्हणजे पोकू, पाच म्हणजे मुळू, सहा म्हणजे शेली. मोल्सवर्थच्या कोशात तिची नोंद आहे. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा करतात, तिचीच ही बोलती बहीण. महानुभावांनी तर आपले ग्रंथच सांकेतिक लिप्यांत लिहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी त्या लिपीची किल्ली शोधली, आणि आत निघाली ती सरळ, गोड मराठी.

मुळापासून भाषा करायची तर काम निराळे. ते मनावर घेतलेल्यांत सर्वांत यशस्वी माणूस माझ्यासारखाच दवाखाना चालवणारा होता, म्हणून मला त्याच्याबद्दल थोडे अधिक ममत्व. डॉ. झामेनहोफ हे वॉर्सा शहरातले डोळ्यांचे डॉक्टर. त्यांचे बालपण बियाविस्तोक गावी गेले. तिथे रशियन, पोलिश, जर्मन आणि यहुद्यांची यिडिश बोलणारे लोक शेजारी राहत आणि एकमेकांचा द्वेष करत. सगळ्यांना सारखीच परकी आणि सारखीच सोपी अशी एक भाषा असावी, म्हणून त्यांनी १८८७ साली एस्पेरांतो प्रसिद्ध केली. मुख्य नियम सोळा. नाम 'ओ'ने संपणार, विशेषण 'आ'ने, अपवाद नाही. 'साना' म्हणजे निरोगी. मागे 'माल' लावला की उलटा अर्थ, 'मालसाना' म्हणजे आजारी. 'मालसानूलो' म्हणजे आजारी माणूस आणि 'मालसानूलेयो' म्हणजे आजारी माणसांची जागा, इस्पितळ. आपल्याकडे 'रुग्ण'ला 'आलय' जोडून 'रुग्णालय' होते तसेच हे. गंमत अशी, की एस्पेरांतो बोलणारे सरळ 'होस्पिटालो' असेही म्हणू लागले. कर्त्याने एक सुटसुटीत साचा दिला होता, पण बोलणाऱ्यांना जगात रुळलेला शब्दही हवासा वाटला. झामेनहोफनी आरंभीच जाहीर केले होते, की या भाषेवर माझा हक्क नाही, ती बोलणाऱ्यांची आहे. त्यांच्या थोडी आधी श्लायर नावाच्या जर्मन धर्मगुरूने वोलाप्यूक ही भाषा काढली होती. तिच्यात बदल करण्याचा अखेरचा अधिकार त्याने स्वतःकडे राखला, भांडणे झाली आणि ती काही वर्षांतच मागे पडली. आपले विनोबा एस्पेरांतो शिकले होते हे पुष्कळांना ठाऊक नसते; तिबोर सेकेल्य नावाच्या युगोस्लाव्ह प्रवाशाने त्यांना ती शिकवली.

तुम्हीही एखादी दुपार काढून चार वाक्यांची भाषा करून पाहा. माझा आग्रह आहे. कारण मराठी कशी चालते हे तेव्हा जसे कळते तसे व्याकरणाच्या पुस्तकाने कळत नाही. 'मी जातो' सहज जमेल. मग 'मला ताप आहे' करायला घ्या. ताप कोणाकडे आहे, माणसाने ताप 'धरला' आहे की तापाने माणसाला? मराठीत माणूस 'ला' लावून बाजूला उभा राहतो आणि कर्ता होतो ताप. 'मला मळमळतंय' यात तर कर्ताच नाही. पुढे 'आम्ही जाऊ' आणि 'आपण जाऊ' हा भेद आहे. पहिल्यात समोरचा मागे राहतो, दुसऱ्यात तो बरोबर येतो. हिंदीत दोन्हींना 'हम'. आपल्या भोपाळच्या मुलांचा हा भेद सुटत चालला आहे. 'आज्जी, आम्ही सिनेमाला जाऊ' असे नातू म्हणतो, आजी हिरमुसते, आणि नातवाला तर तिला न्यायचेच असते.

आणखी एक. बस 'ती', ट्रक 'तो', टेबल 'ते' हे कोणी ठरवले? कुठल्या मंडळाने बैठक घेतली? 'बँक' आली आणि 'बँकेत' झाली, जशी शाळा 'शाळेत'. 'हॉस्पिटल' अजून उंबऱ्यावर आहे. कोणी 'हॉस्पिटलात' म्हणतो, कोणी 'हॉस्पिटलमध्ये'. शब्द घरचा झाला की नाही हे पाहण्याची माझी कसोटी हीच: त्याचे सामान्यरूप होते का? मग तो शब्द कुठल्या देशातून आला याला फारसे महत्त्व उरत नाही. 'दवाखाना' यातला दवा अरबी, खाना फारसी. माझ्या पाटीवर 'चिकित्सालय' आहे, पण गेल्या पस्तीस वर्षांत 'चिकित्सालयात जातो' असे म्हणून घरून निघालेला रोगी मला भेटलेला नाही.

भाषा मुळापासून करण्यापेक्षा आहे त्या भाषेत नवे शब्द घडवण्याचा उद्योग आपण मराठी माणसांनी अधिक केला, आणि तोही थेट सिंहासनापासून. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश केला. त्यात दहा वर्ग आणि सुमारे १४०० शब्द: दरबारी फारसी-दखनी शब्द आणि त्यांचे संस्कृत प्रतिशब्द. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. पण पुढे झाले काय? राज्य 'पेशवाई' म्हणूनच ओळखले गेले. मुजुमदार, फडणीस, चिटणीस ही आडनावे झाली आणि त्यांतली काही आज अरेरा कॉलनीतल्या पाट्यांवर दिसतात.

मात्र 'सचिव' हा शब्द मेला नाही. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी अशा दोन्ही राजभाषा होत्या, आणि तिथेच डॉ. रघुवीर आपला प्रचंड पारिभाषिक कोश घडवत होते. त्यांची रीत झामेनहोफच्या रीतीशी जुळणारी. पाणिनीच्या परंपरेत दोन हजारांच्या आसपास धातू आहेत, २२ उपसर्ग आहेत, प्रत्यय भरपूर आहेत. त्यांचे मेळ बसवत गेले तर शब्दांना तोटा नाही. 'धा'ला 'वि' जोडा: विधि, विधान, विधायक, विधेयक, संविधान. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे राज्य झाले, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातले कितीतरी मराठी कर्मचारी बिऱ्हाड उचलून इथे आले. माझे वडील त्यांतले एक. आम्ही मूळचे कारंज्याचे. या मंडळींनी नस्तीबरोबर ते शब्दही आणले. आज वल्लभ भवनातल्या दारांवर 'सचिव' वाचताना त्या शब्दामागे रायगड आहे हे कितीजणांच्या ध्यानात येते कोण जाणे. आणि उलटा प्रकार पाहा: भोपाळ 'विधायक' आणि 'सांसद' म्हणते, तर महाराजांचा महाराष्ट्र फारसी 'दार' लावून 'आमदार', 'खासदार' म्हणतो!

सावरकरांच्या भाषाशुद्धीचेही असेच. दिनांक, महापौर, हुतात्मा हे शब्द आज कोणालाही 'केलेले' वाटत नाहीत. पण फाउंटन पेनाची 'झरणी' आटली आणि कायद्याला 'निर्बंध' म्हणायला लोक तयार झाले नाहीत. माझ्या मते याचे कारण सरळ आहे. दिनांक आला तो छापील अर्जावर आणि महापौर आला तो नव्या पदावर. दोघांनाही जागा मिळाली. कायदा हा शब्द मात्र शेतकऱ्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांच्या तोंडी होता, तो उठायला तयार नव्हता. माधव जूलियनांची कथा याहून नवलाची: ज्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला, तेच पुढे भाषाशुद्धीचे कैवारी झाले.

अग्निरथाच्या जाण्यायेण्याची वर्दी देणाऱ्या ताम्रपट्टिकेचा विनोद आपण सगळ्यांनी ऐकला आहे. तो का हसवतो? कारण ते नाव नाही, ती व्याख्या आहे. 'खिडकी' हा शब्द खिडकीचे काम सांगत बसत नाही, तो फक्त तिच्याकडे बोट दाखवतो. जो शब्द सगळेच समजावून सांगू पाहतो तो तोंडात मावत नाही.

आपल्याच शहरात १६ ऑक्टोबर २०२२ रोजी एमबीबीएसची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन, अशी पहिल्या वर्षाची तीन. त्यांत वाक्ये हिंदी आणि पारिभाषिक शब्द बहुतांशी इंग्रजीच, देवनागरीत लिहिलेले. पुष्कळांनी नाके मुरडली. मला ती निवड शहाणपणाची वाटते. वनस्पतींची लॅटिन नावे तरी काय आहेत? लिनियसने १७५३ साली घालून दिलेली ती केलेलीच भाषा आहे, आणि तिच्यामुळे मी लिहिलेले 'आर्निका माँटाना' कोलकात्यातल्या आणि बर्लिनमधल्या दुकानदाराला सारखेच कळते. शास्त्राची भाषा करता येते, करावी लागते.

करता येत नाही ती दुखण्याची भाषा. आमच्या पॅथीत रोग्याने आपली वेदना कोणत्या शब्दांत सांगितली यावर पुढचे प्रश्न ठरतात. केंटच्या रेपर्टरीत नुसत्या वेदनेच्या प्रकारांनीच पानेच्या पाने भरली आहेत. मराठी आजीला ती पाने लागत नाहीत. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, उसण वेगळी. गळू ठसठसते, जखम चुरचुरते, डोके भणभणते, हातापायांना मुंग्या येतात, पोटात मुरडा येतो, मांडीला रग लागते. यांतले निम्मे शब्द आवाजावरून आले, दुणावले आणि क्रियापदे झाले, 'ठसठस'वरून 'ठसठसणे'. हा साचा कोणी घालून दिलेला नाही, पण तो इतका पक्का आहे, की मी आता एखादा नवाच शब्द, समजा 'टुपटुपणे', केला तर तुम्ही त्याची सगळी रूपे बिनचूक चालवाल: टुपटुपते, टुपटुपले, टुपटुपायला लागले. दाढ टुपटुपते म्हणजे साधारण काय होत असेल, याचाही अंदाज कराल.

तिच्याच घरची तिसरी पिढी माझ्यासमोर बसते आणि म्हणते, 'पेन होतंय.' कसे? 'म्हणजे, पेन.' मग मीच एकेक शब्द पुढे करतो, सराफाने वजने मांडावीत तसा, आणि बऱ्याचदा मुलगा एखाद्या शब्दाशी थांबतो: हो, हेच. शब्द त्याला येत नसतो, पण ऐकल्यावर ओळखू येतो.

आपली भोपाळची मराठी अशुद्ध झाली अशी तक्रार या व्याख्यानमालेत दर दोन वर्षांनी कोणीतरी करतेच. 'मी जाऊन राहिलो' याला पुण्याचे पाहुणे हसतात. पण त्या 'राहिलो'ला लिंग, वचन, पुरुष सगळे आहे: ती जाऊन राहिली, ते जाऊन राहिले, तू जाऊन राहिलास. नागपूर-वऱ्हाडकडे कित्येक पिढ्या हे बोलत आल्या. शेजारणीकडून पातेले आणले आणि त्यात आपला स्वयंपाक केला, इतकेच. मला याची चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती पातेले रिकामे राहण्याची: प्रत्यय टिकले, क्रम टिकला आणि आत फक्त 'पेन' उरले, याची.

देवघेव दुसऱ्या बाजूनेही चालते. जुन्या भोपाळातला एक तरुण, घरी चोख भोपाली उर्दू बोलणारा, गेल्या पावसाळ्यात पायाचे गळू दाखवायला आला. त्याचे बालपण एका मराठी वाड्यात भाड्याने गेलेले. म्हणाला, 'डाक्टर साब, रात भर ठसठस होती रही.' 'होती रही', स्त्रीलिंगी. 'ठसठस' मराठीतही स्त्रीलिंगीच.