दारातली बादली आणि कचरावेचकांचं ओळखपत्र

पुण्यातल्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या १९९०च्या सुमारास कचरावेचक बायकांपर्यंत पोहोचल्या, त्या साक्षरतेचं काम घेऊन. शिकवता शिकवता त्या या बायकांबरोबर फिरू लागल्या. काम म्हणजे कुंडीत वाकून, प्रसंगी आत उतरून, खरकटं, फुटक्या काचा, मेलेले उंदीर हातानं बाजूला सारत कागद आणि पत्रा शोधायचा. ते पाहून कार्यकर्त्यांना जे सुचलं ते अगदी साधं होतं: हाच कागद कुंडीत पडायच्या आधी, घरातूनच वेगळा मिळाला तर? काही बायकांना ओळखपत्रं मिळाली, आसपासच्या घरांना ओला-सुका कचरा वेगळा ठेवायला सांगितलं गेलं, आणि बायका कुंडीऐवजी दारावर जाऊ लागल्या.

श्रमप्रतिष्ठा हा शब्द आपण शाळेपासून ऐकतो. कष्टकऱ्याचं कौतुक करावं, वर्षातून एकदा शाल-श्रीफळ द्यावं, एवढ्यावर तो बहुतेक वेळा थांबतो. काम मात्र होतं तसंच राहतं. पुण्यातल्या या प्रयोगात उलट घडलं. कौतुक कोणी केलं नाही. कामाची जागा बदलली. कुंडीतल्या ओल्या, माखलेल्या कागदाऐवजी कोरडा कागद हाती आला, म्हणजे भंगारच्या दुकानात त्याच मालाला बरा भाव आला. हात कमी कापले. आणि बाई ज्या घरातून कचरा नेते, त्या घरातल्या माणसांना तिचा चेहरा दिसू लागला.

१९९३ साली यातूनच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. तिच्यामागे डॉ. बाबा आढाव होते, हे समजून घेण्यासारखं आहे. त्यांनी त्याआधी अनेक वर्षं पुण्यातल्या हमालांची संघटना बांधली होती. हमालाला एक ठरलेला मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. मग त्याचा भविष्यनिर्वाह निधी कोणी भरायचा? महाराष्ट्राच्या १९६९च्या माथाडी कायद्यानं त्यावर उत्तर काढलं: मंडळ नेमायचं, व्यापाऱ्यांनी मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, आणि तिथून हमालाला हक्क मिळायचे. कचरावेचक बाईची अडचण याहून मोठी. तिला मालकच नाही. साऱ्या शहराचं काम ती करते आणि ते काम आहे हेच शहराला मान्य नव्हतं.

म्हणून ओळखपत्र. ज्याच्या खिशात आधीपासून चार कार्डं आहेत त्याला त्याचं मोल कळणं कठीण. पहाटे पाठीवर पोतं घेऊन निघालेल्या बाईकडे पोलीस आणि रखवालदार चोर म्हणून पाहत. परिसरात काही गेलं की आधी तिची झडती. पुणे महापालिकेनं संघटनेच्या ओळखपत्रांना नव्वदच्या दशकातच मान्यता दिली, आणि पुढे पालिकेच्या खर्चानं आरोग्यविमाही आला. कार्डावर पालिकेचा शिक्का असला की ती कामावर निघालेली बाई ठरते.

या कामात बहुतेक दलित समाजातल्या बायका आहेत. बऱ्याच कुटुंबांची कहाणी १९७२च्या दुष्काळापाशी जाते: मराठवाड्यातलं गाव सुटलं, शहरात दुसरं काम मिळेना, आणि कचऱ्याला भांडवल लागत नव्हतं. कचऱ्याच्या कामाला प्रतिष्ठा नसण्याचं कारण घाणीपुरतं मानलं तर आपण स्वतःची फसवणूक करतो. घरातलं मूल घाण करतं तेव्हा आई ती निमूट काढते, आणि कोणी तिचा विटाळ मानत नाही. हे काम कोणत्या जातीनं करायचं, हे आपल्याकडे आधीच ठरलेलं होतं. त्या जातीला जे दिलं ते या कामालाही दिलं.

आणि या कामाला डोकं लागत नाही, हा समज तर साफ चुकीचा आहे. वर्गीकरणाला बसलेल्या बाईसमोर आपला ‘सुका कचरा’ पडतो तेव्हा त्याचे पाहता पाहता अनेक ढीग होतात. वर्तमानपत्राची रद्दी वेगळी, पांढरा कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा. पाण्याची बाटली एका पोत्यात, शाम्पूची दुसऱ्या. कॅरीबॅग हातात चुरगाळली की ती कोणत्या प्लास्टिकची, हे तिला आवाजावरून कळतं. दुधाची पिशवी धुतलेली असली तर भाव. आंबलेली असली तर नाही. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला तर कोणी विचारत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर असे चिकटलेले असतात की सुटे करता येत नाहीत. थर्माकोल पोतं भरतं, काटा हलवत नाही. कारखान्याला कच्चा माल जातो तो या निवडीतून. ती चुकली तर अख्खा ढीग कमी भावाचा होतो.

२००८ साली पुणे महापालिकेनं ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेशी करार केला. घरोघरचा कचरा त्यांनी उचलायचा, घरांकडून दरमहा शुल्क घ्यायचं, आणि सुक्यातला विकण्याजोगा माल त्यांचाच. हा मालावरचा हक्क मला सगळ्यात मोलाचा वाटतो. २०२०च्या टाळेबंदीत आपण दार लावून बसलो होतो, तेव्हाही या बायका ढकलगाडी घेऊन येत होत्या. तरीही करार मुदतीचाच असतो. मुदत संपत आली की पुढे काय, ही टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर असते.

हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे की प्रत्येक कामाला प्रतिष्ठा देता येत नाही, आणि देऊही नये. हातानं मैला साफ करण्यावर कायद्यानं १९९३ मध्ये बंदी आणली, २०१३च्या कायद्यानं ती अधिक कडक केली. तरी माणसं गटारांत उतरून गुदमरतात. सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूंची भरपाई २०१४ मध्ये १० लाख ठरवली होती, ती २०२३ मध्ये ३० लाख केली. तिथे सन्मानाचा एकच अर्थ आहे: माणसानं आत उतरायचंच नाही.

कचऱ्याच्या बादलीतही अशी एक रेषा आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर उघडे टाकले की वर्गीकरण करणाऱ्या हाताला दुसऱ्याचं रक्त आणि मैला लागतो. ‘स्वच्छ’च्या बायकांनी यासाठी जुन्या वर्तमानपत्रांची पाकिटं बनवली आणि पुडीवर लाल ठिपका काढा, अशी विनंती घरोघरी केली. २०१६च्या घनकचरा नियमांनीही पॅड नीट गुंडाळून देणं घरांवर बंधनकारक केलं. ठिपक्याला पेनचा एक फटकारा लागतो. तो दिसला की वर्गीकरण करणारी बाई पुडी न उघडता बाजूला ठेवते.

सोसायट्यांकडे आणखीही काही द्यायला आहे. वर्गीकरणाला बसायला पार्किंगच्या कोपऱ्यात छताखालची जागा, हात धुवायला नळ आणि साबण, रखवालदार वापरतो ते स्वच्छतागृह, आणि पाचव्या मजल्यावरून पोती उतरवताना लिफ्ट. अनेक ठिकाणी यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना अजून नकार मिळतो. पुढच्या वार्षिक सभेत रंगकाम आणि पार्किंगच्या विषयांच्या आधी हा ठराव मांडता येईल. त्याला वर्गणी वाढवावी लागत नाही.