विश्लेषण : जिवंत पेशीतले आम्ल प्रकाशाने कसे मोजतात? क्षयाच्या औषधाशी त्याचा काय संबंध?

संगमनेर तालुक्यातल्या डाळिंब किंवा ऊस उत्पादकाला ‘सामू’ हा शब्द नवा नाही. माती परीक्षणाच्या अहवालात तो असतोच. 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. दुधाचेही तसेच. गाईच्या ताज्या दुधाचा सामू 6.6 ते 6.8 असतो आणि दही लागते तेव्हा तो 4.6 च्या आसपास उतरलेला असतो. माती पाण्यात कालवली, सामूमापकाची कांडी बुडवली की आकडा मिळतो. जिवंत पेशीच्या आतल्या इवल्याशा कप्प्यात मात्र कांडी बुडवता येत नाही. तिथला सामू प्रकाशावरून वाचावा लागतो. तो वाचता आला म्हणूनच क्षयाचे जंतू आपल्याच संरक्षक पेशींत तग कसे धरतात, याचा एक महत्त्वाचा धागा हाती लागला.

पेशीत एकच सामू नसतो?

नसतो. पेशी म्हणजे एक खोली नव्हे, वाडा आहे. तिच्यातल्या मुख्य द्रवाचा सामू साधारण 7.2, ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या आत तो 8 च्या जवळ, तर लायसोसोम नावाच्या पचनाच्या पिशवीत 4.5 ते 5. सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक. त्यामुळे पिशवीचे पातळ आवरण ओलांडले की आम्लता सुमारे 300 पट वाढते.

हे प्रमाण किती सूक्ष्म आहे, ते एका हिशेबावरून कळते. अर्धा मायक्रॉन व्यासाच्या लायसोसोमचा सामू 4.7 असेल, तर त्यात मोकळे हायड्रोजन आयन जेमतेम 800 भरतात. तेवढ्याच आकारमानाच्या बाहेरच्या द्रवात दोन किंवा तीन. अख्खी पेशी कुटून तिचा सामू काढला, तर हा सगळा फरक मिसळून जातो आणि हाती येतो तो निरुपयोगी सरासरी आकडा.

रंग सामू कसा सांगतो?

शर्टावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लाल होतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेही याच गुणावर. सामू बदलला की रेणूची ठेवण बदलते आणि रंग पालटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एली मेच्निकॉफ यांनी पेशींना निळ्या लिटमसचे कण खाऊ घातले आणि ते आत गेल्यावर लाल होताना पाहिले. पेशीच्या पोटात आम्ल आहे एवढे कळले. किती, ते कळले नाही.

त्यासाठी प्रतिदीप्ती कामी आली. काही रेणू एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. हळद स्पिरिटमध्ये ढवळून नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरली, तर ती हिरवट पिवळी उजळते, ती याचमुळे. डोळ्याच्या बुबुळावरचा ओरखडा पाहण्यासाठी डॉक्टर जो नारिंगी-पिवळा रंग घालतात, ते फ्लुरोसिन. निळा प्रकाश पडला की ते हिरवे चमकते, पण आम्ल वाढले की मंदावते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील शोजी ओकुमा आणि ब्रायन पूल यांनी 1978 मध्ये फ्लुरोसिन जोडलेली साखरेची लांब साखळी उंदराच्या भक्षक पेशींना गिळायला लावली आणि लायसोसोमचा सामू 4.7 ते 4.8 असल्याचे मोजले.

या मोजणीत फसगत होत नाही?

होऊ शकते. एका पेशीत रंग जास्त शिरला तर ती जास्त उजळणारच, त्याचा आम्लाशी संबंध नाही. म्हणून पेशीवर दोन वेगवेगळ्या निळ्या छटांचा प्रकाश टाकतात. एका छटेला मिळणारा उजेड सामूनुसार बदलतो, दुसऱ्या छटेला जवळजवळ बदलत नाही. एकाला दुसऱ्याने भागले की रंग कमी-जास्त असल्याचा परिणाम निघून जातो. साधी युक्ती आहे, पण या क्षेत्राचा सगळा भरवसा तिच्यावर उभा आहे.

शिवाय वजनकाट्यासारखे हे मापही तपासून घ्यावे लागते. पेशी ठरावीक सामूच्या, भरपूर पोटॅशियम असलेल्या द्रावणात ठेवून त्यात नायजेरिसिन घालतात. त्यामुळे आतला आणि बाहेरचा सामू सारखा होतो, आणि कोणता उजेड म्हणजे कोणता सामू याचा तक्ता तयार होतो. रंग फार घातला, तर तो स्वतःच हायड्रोजन आयन धरून ठेवतो. प्रकाश फार टाकला, तर रंग विटतो आणि पेशीही दुखावते.

बंगळूरुत काय घडले?

या साधनांतला एक गाजलेला प्रकार भारतात तयार झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बंगळूरुत राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आहे. तिथे यमुना कृष्णन यांच्या गटाने 2009 मध्ये डीएनएच्या धाग्यांचा ‘आय-स्विच’ बनवला. आम्लात त्याची टोके एकमेकांत दुमडतात, त्यावर लावलेले दोन रंग जवळ येतात आणि उजेडाची छटा बदलते. 5.5 ते 6.8 या सामूच्या पट्ट्यात तो चालतो. फळमाशीच्या पेशींनी गिळलेल्या वस्तूचा प्रवास जसा पुढे सरकतो तसे आम्ल कसे वाढत जाते, हे त्यातून दिसले. 2011 मध्ये हेच यंत्र एका सूक्ष्म जिवंत कृमीच्या शरीरात चालवून दाखवण्यात आले. कृष्णन पुढे शिकागो विद्यापीठात गेल्या.

क्षयजंतू काय करतात?

भक्षक पेशी जंतूला गिळते, त्याच्याभोवतीच्या पिशवीत हायड्रोजन आयन ढकलते आणि त्याला आम्लात पचवते. हा नेहमीचा क्रम. क्षयजंतूच्या कुळातले जंतू गिळलेल्या पिशव्यांचा सामू अमेरिकी संशोधकांनी फ्लुरोसिनच्याच जातीच्या रंगाने मोजला, तेव्हा तो 6.3 ते 6.5 च्या खाली उतरतच नव्हता. आयन ढकलणारे पंपच या पिशव्यांवर पोहोचलेले नव्हते. 1994 मध्ये ‘सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झाले. थोडक्यात, जंतू पोटात गेला, पण चूल पेटलीच नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा भक्षक पेशीला चेतवते, तेव्हा मात्र हा अडथळा बऱ्याच अंशी मोडतो आणि आम्ल वाढते.

मग औषधाचा संबंध कुठे?

संगमनेर असो की गडचिरोली, क्षयाच्या नेहमीच्या सरकारी उपचारात पहिले दोन महिने चार औषधे एकत्र देतात. त्यातले एक पायराझिनामाइड. ते आल्यामुळे नऊ महिन्यांचा उपचार सहा महिन्यांवर आला. पण या औषधाचा स्वभाव विचित्र आहे. प्रयोगशाळेत उदासीन द्रावणात ते जवळजवळ निष्प्रभ ठरते, सामू 5.5 च्या आसपास आला की जंतू मारते. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील संशोधकांनी 2022 मध्ये जिवंत भक्षक पेशींतला सामू प्रकाशाने टिपत हे तपासले. पिशवीत आम्ल होऊ दिले नाही, तर औषधाचा परिणाम घटतो, असे त्यांना दिसले.

याचा त्रास रोजच्या तपासणीतही होतो. रुग्णाच्या जंतूवर पायराझिनामाइड चालते का हे पाहण्यासाठी जंतू मुद्दाम आम्लयुक्त माध्यमात वाढवावे लागतात. त्यात जंतू जास्त पडले तर तेच माध्यमाचा सामू वाढवतात, औषध लागू पडत नाही असा चुकीचा निकाल येऊ शकतो आणि एक उपयोगी औषध विनाकारण बाद ठरते. अशा वेळी चाचणी पुन्हा करतात किंवा जंतूच्या ‘पीएनसीए’ जनुकात बदल झाला आहे का, ते पाहतात.