बाणाला पिसं कशी बसवतात?

पीस कुठलं? मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पाळीव हंसाच्या पंखांतली लांब, ताठ पिसं वापरत. राजा पाचव्या हेन्रीने १४१७ मध्ये प्रत्येक हंसाची सहा पिसं गोळा करण्याचा हुकूम काढला होता.

एकाच बाजूची: एका बाणाची तिन्ही पिसं डाव्या किंवा उजव्याच पंखाची हवीत. त्यांच्या नैसर्गिक वळणामुळे बाण स्वतःभोवती फिरत सरळ जातो.

बांधणी: पिसाचा कणा उभा चिरून, तासून सरसाने दांडीला चिकटवतात. मग तंतू हलकेच विलग करत बारीक रेशमी दोरा गुंडाळतात.

फायदा: धनुष्याला घासलं तरी पीस लवतं आणि लगेच पूर्ववत होतं.

करून पाहायचं असेल तर टर्कीची गळालेली पिसं घ्या. पिसांसाठी रानपक्षी मारणं भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.