खिडकीचा हिशेब

कार्यालयातील हिरवाई ही केवळ शोभा मानली जाते. काटकसरीची पहिली कुऱ्हाड तिच्यावरच कोसळते. परंतु रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासून दाखविले, की खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. कार्यालय म्हणजे रुग्णालय नव्हे, हे खरे. पण शिणणारे मन तेच. न्यूयॉर्कच्या फोर्ड प्रतिष्ठानने १९६७ सालीच आपल्या १२ मजली इमारतीच्या पोटात बाग फुलवून कचेऱ्यांच्या खिडक्या तिच्याकडे उघडल्या. जागेचे भाडे हिशेबवहीत दिसते, कर्मचाऱ्याचा शिणवटा दिसत नाही. म्हणूनच साहेबाला खिडकी आणि कारकुनाला भिंत, ही वाटणी स्वस्त भासते. वस्तुतः ती महागच पडते.