परदेशी विद्यार्थ्याची उमेदवारी : शीव येथील अनुभव आणि त्यातून होणारे ज्ञान

वैद्यक, समाजकार्य व सार्वजनिक आरोग्य या विषयांचे परदेशी विद्यार्थी काही आठवड्यांच्या उमेदवारीसाठी भारतात येत असतात. ब्रिटनमधील वैद्यकीय अभ्यासक्रमात तर अखेरच्या वर्षांत बहुधा सहा ते आठ आठवड्यांचा ऐच्छिक काल यासाठी राखून ठेवलेला असतो. मायदेशी परतल्यावर हे विद्यार्थी आपल्या अनुभवांचे निवेदन लिहितात. गर्दी, उकाडा, अपुऱ्या खाटा आणि माणसांची आत्मीयता यांचे वर्णन त्यांत हटकून येते. ही वर्णने खोटी असतात असे नव्हे. परंतु पाहिलेले सारे ज्ञान होतेच असे नाही. अनुभवाचे ज्ञान कोणत्या अटींवर होते, याचा विचार शीवच्या उदाहरणावरून करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शीव या शब्दाचा अर्थच सीमा असा आहे. मुंबई बेट जेथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत असे, तेथील ही वस्ती. येथे १९४७ साली महापालिकेचे रुग्णालय सुरू झाले. तेच आजचे लोकमान्य टिळक रुग्णालय होय. १९६४ साली त्यास वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. लगतच धारावी आहे आणि तेथे या महाविद्यालयाचे नागरी आरोग्य केंद्र चालते. लोक त्यास ‘छोटा सायन’ म्हणतात. रुग्णालय आणि रुग्णाचे घर यांतील अंतर येथे पायी चालून जाण्याइतके आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने शीवचे खरे महत्त्व यात आहे.

पहिली अट भाषेची. धारावीत मराठी, हिंदी, तमिळ, गुजराती अशा अनेक भाषा नांदतात; म्हणून परदेशी विद्यार्थ्यास दुभाष्यावाचून गत्यंतर नसते. पण शब्दाला शब्द देऊन अर्थ हाती येतोच असे नाही. ‘दिवस गेले’ याचा शब्दशः अनुवाद केला तर गर्भधारणेचा मागमूसही उरत नाही. ‘अंगावरून पांढरे जाते’ ही तक्रार अधिक बोधप्रद आहे. विद्यार्थी तिची नोंद जंतुसंसर्ग अशी करतो व औषधाची अपेक्षा धरतो. मुंबईच्या वस्त्यांतील अभ्यासांतून मात्र असे दिसून आले आहे की, या तक्रारीमागे पुष्कळदा अशक्तपणा, संसारातील ताण आणि स्त्रिया ज्यास ‘टेन्शन’ म्हणतात ती मनःस्थिती असते. शब्द शरीराचा असतो, तर दुःख संसाराचे.

दुसरी अट लोकव्यवहाराच्या परिचयाची. नाव नोंदविलेली गर्भवती सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीस येईनाशी झाली, तर वहीत ‘संपर्क तुटला’ असा शेरा पडतो. वाचणाऱ्यास तो निष्काळजीपणा वाटतो. वास्तविक ती बाळंतपणासाठी माहेरी गेलेली असण्याचा संभव मोठा असतो. ही रूढी ठाऊक नसलेला विद्यार्थी आकड्यांवरून स्त्रीला दोष देतो. ठाऊक असलेला विद्यार्थी मुंबईची नोंद गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत कशी पोहोचावी, असा प्रश्न विचारतो. दोघांनी पाहिलेली वही एकच असते.

तिसरी अट अशी की, विद्यार्थ्याने उणिवांबरोबर त्यांवर येथे शोधलेली उत्तरेही अभ्यासावीत. मातृदुग्धपेढीची कल्पना जुनी आहे. पहिली पेढी १९०९ साली व्हिएन्नात निघाली. आशियातील पहिली पेढी मात्र १९८९ साली शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. आरोग्यतपासणी झालेल्या माता संमतीने दूध देतात, ते ६२.५ अंश सेल्सियसवर ३० मिनिटे तापवून, थंड करून, जंतुपरीक्षेनंतर गोठवून ठेवले जाते व अपुऱ्या दिवसांच्या बालकांना दिले जाते. ज्या कक्षात पाहुण्यास केवळ दाटी दिसते, त्याच कक्षात ही व्यवस्था घडली.

अपयशही तितकेच शिकवते. नेपाळमधील मकवानपूर जिल्ह्यात स्त्रियांचे गट करून चर्चा घडवून आणल्यावर नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. हीच रीत १९९९ साली स्थापन झालेल्या ‘स्नेहा’ या संस्थेने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या सहकार्याने मुंबईतील ४८ वस्त्यांत तपासली. २४ वस्त्यांत गट होते, २४ वस्त्यांत नव्हते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्यूंत घट आढळली नाही. डोंगराळ ग्रामीण भागात फलदायी ठरलेला उपाय दाट शहरी वस्तीत तसाच लागू पडेल, हे गृहीत धरता येत नाही. हा निष्कर्ष न लपविता प्रसिद्ध करण्यात आला, हे विद्यार्थ्याने विशेष लक्षात घ्यावे.

येथे एक नैतिक प्रश्नही उपस्थित होतो. नोंदणीवाचून वैद्यकीय व्यवसाय करण्यास आपल्या कायद्याची मनाई आहे. म्हणून परदेशी विद्यार्थ्याची भूमिका निरीक्षकाचीच राहते. मायदेशी जे काम त्यास करू दिले जात नाही, ते येथील गरीब रुग्णावर करून पाहण्याचा मोह त्याने आवरलाच पाहिजे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनेही यजमान संस्था, विद्यार्थी आणि पाठविणारे विद्यापीठ या तिघांचीही जबाबदारी मांडली आहे. पाहण्यासही संमती लागते. खाटेवरील स्त्रीने नकार दिला, तर दुरून आलेल्या पाहुण्याने मुकाट्याने बाहेर जावे. तिच्या उपचारात त्यामुळे तिळमात्र फरक पडू नये.

यजमान विभागांनी म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरणे इष्ट होईल. विद्यार्थ्याने येण्यापूर्वी मराठी किंवा हिंदीचा प्राथमिक अभ्यास करावा; रुग्णाच्या छायाचित्राचा हव्यास धरू नये; आपल्या निवेदनाची प्रत परतण्यापूर्वी येथील परिचारिका व आरोग्यसेविका यांना समजावून सांगावी आणि त्यांच्या दुरुस्त्या स्वीकाराव्यात. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना ते तपासता आले, तरच त्या लेखनास अभ्यास म्हणता येईल.