धर्म बदलला की निष्ठाही बदलते का?

कोल्हापुरात वस्त्यांमध्ये बैठका घेताना आम्हाला एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘ख्रिश्चनांचा पैसा बाहेरचा आणि ते ऐकतातही बाहेरच्यांचेच.’ बोलणाऱ्यांत आपलेही लोक असतात. म्हणून हा संशय तपासून पाहू.

अमेरिकेत हाच आरोप कॅथलिकांवर झाला. कॅथलिक माणूस आधी रोमच्या पोपचे ऐकेल, मग देशाचे, असे अनेक प्रोटेस्टंटांना वाटे. १९२८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार अल स्मिथ यांच्या धर्माविरुद्ध उघड प्रचार झाला. कृष्णवर्णीयांचा द्वेष करणारी कु क्लक्स क्लान संघटनाही त्यात होती. स्मिथ हरले. १९६० मध्ये जॉन केनेडींना ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट धर्मगुरूंसमोर सांगावे लागले की, आपले निर्णय चर्च ठरवणार नाही. ते निवडून आले.

पुढे कॅथलिकांचा प्रभाव वाढला, पण ते एका सुरात बोलत नाहीत. २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द करणारा निकाल कॅथलिक न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी लिहिला. त्याला विरोध करणाऱ्या सोनिया सोटोमायोरही कॅथलिकच. चर्चच्या राजकारणावर टीका जरूर करावी. मात्र धर्म पाहून माणसाला संशयित ठरवणे हा पूर्वग्रह आहे.

आपल्याकडे याची किंमत दलित ख्रिश्चन मोजतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधला गेला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या सवलतींसाठी आपल्याला ३४ वर्षे थांबावे लागले. दलित ख्रिश्चन आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात त्यांना ओबीसीत धरतात. ख्रिस्ती धर्मात अस्पृश्यता नाही, असे कारण दिले जाते. अस्पृश्यता धम्मातही नाही. तरीही गाव आपली जात विसरले का?

‘आपला वाटा कमी होईल’ ही भीती खोटी नाही. लोकसंख्या वाढली तर वाटाही वाढला पाहिजे, ही मागणी आपण सोबतच करावी. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्येच धर्माची अट काढण्याची शिफारस केली आहे.

याच कोल्हापुरात २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी मागासांसाठी ५० टक्के जागा राखल्या. त्यांनी मागासलेपण पाहिले. पुढच्या बैठकीत ते वाक्य पुन्हा ऐकू आले, तर मित्रांनो, गप्प बसू नका. १९९० पर्यंत आपणही त्याच दाराबाहेर उभे होतो, हे सांगा.